मपू भाऊसाहेब

नोकरीवर हजर व्हायला आलेल्या माणसाला आमचे भाऊसाहेब पाणीसुद्धा विचारायचे नाहीत. आधी सही. बाराच्या आत ती सही झालीच पाहिजे, मग माणूस उन्हातनं चालत आलेला असो, नाहीतर कडेवर पोर घेऊन आलेली बाई असो. एकदा विदर्भातला एक नवा ग्रामसेवक रात्रभर एसटीत बसून आला. बिचारा पोट धरून उभा. "भाऊसाहेब, आधी संडास कुठं आहे ते सांगा," म्हणाला. भाऊसाहेबांनी त्याच्या हातात पेन दिलं. "आधी सही, मग संडास." पोरानं सही केली आणि पळालं. सगळी कचेरी हसली. भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांनी कागदावर तारखेपुढं 'म.पू.' लिहिलं, शाईवर फुंकर घातली आणि मग मला म्हणाले, "मावशी, त्याला बादली भरून द्या. नळाला पानी न्हाई."

म.पू. म्हणजे मध्यान्हपूर्व. सरकारी नोकरीत माणूस बाराच्या आत रुजू झाला तर तो दिवस त्याच्या नोकरीत धरतात. बारानंतर आला तर 'म.नं.' पडतं, मध्यान्हनंतर, आणि तो दिवस हातचा जातो. मी चौथी शिकलेली, शिपाई म्हणून लागलेली, मला हे काही ठाऊक नव्हतं. मीही त्यांच्याच टेबलासमोर रुजू झाले आणि मलाही त्यांनी घाम पुसू दिला नव्हता. कचेरीचं नाव मी सांगत नाही. जामखेडच्या रस्त्याला लागते, आवारात एक कडुलिंब, खाली मोटारसायकली, एवढं पुरे. आपल्या भागात तालुक्याच्या कचेऱ्या सगळ्या एकसारख्याच दिसतात. भाऊसाहेबांचं नावही सांगत नाही. आमच्याकडं कारकून म्हटला की भाऊसाहेब. असे भाऊसाहेब कचेरीत बरेच होते, म्हणून ह्यांना लोक पाठीमागं 'मपू भाऊसाहेब' म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं. समोर म्हटलेलंही चालायचं.

त्यांचं टेबल आस्थापनेचं. म्हणजे कोण आलं, कोण गेलं, कुणाची बदली, कुणाची पेन्शन, हे सगळं त्यांच्याकडं. कचेरीतला प्रत्येक माणूस त्यांच्याच हातून आत यायचा आणि त्यांच्याच हातून बाहेर पडायचा. बाराचा त्यांना एवढा ध्यास का, ते त्यांनी मला एकदा चहा पिताना सांगितलं. ते स्वतः रुजू व्हायला आले तेव्हा सकाळीच येऊन बाकावर बसले होते. आस्थापनेचा तेव्हाचा कारकून जेवायला गेलेला. तो पान खाऊन, दुपार करून आला आणि ह्यांच्या कागदावर म.नं. लिहून मोकळा झाला. त्याच दिवशी दुसऱ्या तालुक्यात एक जण बाराच्या आत रुजू झाला आणि ज्येष्ठतेत ह्यांच्या पुढं गेला. बढती निघाली की नंबर त्याचा लागायचा, ह्यांचा राहायचा. तो ऑफिस सुपरिंटेंडेंट होऊन गेला. हे कारकूनच राहिले. "एका मानसाचं जेवन मला आयुष्यभर पचलं न्हाई, मावशी," म्हणायचे. मी म्हणाले, "मग तुमी तवा बोलला का न्हाई?" तर म्हणाले, "पहिल्याच दिवशी कोन बोलतंय?"

तेही खरंच. पहिल्या दिवशी मीही बोलले नव्हते. नंतर मात्र कुणाचं ठेवलं नाही.

येणारा माणूस बाराच्या आत, तसा जाणारा माणूस बारानंतर, हा त्यांचा दुसरा हट्ट. महिन्याच्या शेवटच्या दिवशी जो निवृत्त व्हायचा, त्याला सकाळी सकाळी हार घालून कटवायचं, हे त्यांना पटायचं नाही. "दुपारचं जेवन हितंच. पंगतीत बसून खाऊन जायचं. घरचा मानूस उपाशी काढतो का आपन?" मग पुरी-भाजी, जिलेबी, वर्गणी काढून. जेवण झालं की शाल, नारळ, आणि भाऊसाहेबांचं भाषण. भाषण म्हणजे जुलूम होता. चाळीस जणांना त्यांनी एकच भाषण केलं असेल. अमुकतमुक साहेब मनमिळाऊ होते, त्यांनी कधी चहाला नाही म्हटलं नाही, त्यांच्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली. पोकळीपाशी त्यांचा आवाज भरून यायचा, दर वेळी, त्याच ठिकाणी. मी दारात किटली घेऊन उभी असायची आणि पोकळी आली की कप मांडायला घ्यायची.

एकदाच भाषण बदललं. स्टोअर सांभाळणारे एक होते, कुणाला कधी टाचणी दिली नाही. कचेरीत कुणाचंच त्यांच्याशी पटत नव्हतं. ते निघाले तेव्हा सगळे बघत होते, आता हे काय बोलतात. भाऊसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब रोज वेळेवर घरी गेले. त्यांच्यामुळं कचेरी कधी उशिरापर्यंत उघडी राहिली नाही." टाळ्या पडल्या. स्टोअरवाल्यांनीही वाजवल्या.

आमच्याकडं माणसं जायचा मोठा दिवस म्हणजे एकतीस मे. का, ते आमच्या वयाच्या लोकांना सांगायला नको. आमच्या आईबापांना पोराची जन्मतारीख कुठं ठाऊक? शाळेत नाव घालायला नेलं की मास्तर विचारायचे, कधीचा? आई सांगायची, बाजरी काढायला आली होती तवाचा. मास्तर बाजरीची तारीख कुठून काढणार? शाळा जूनमध्ये भरायची, म्हणून एक जून लिहून टाकायचे. मलाही एक जूनच आहे. भाऊसाहेबांनाही. निम्म्या कचेरीला एक जून. आणि एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतो, असा नियम. त्यामुळं मेच्या शेवटच्या दिवशी कचेरीत हारांचा ढीग पडायचा. भाऊसाहेबांची आई सांगायची की हा बाजरीच्या खळ्यावर झाला. "मास्तरनं माझी चार महिन्यांची बाजरी खाल्ली," असं ते म्हणायचे.

महिन्याच्या अखेरीला संध्याकाळी चहा पिताना ते मला हिशेब द्यायचे. येणाऱ्याजाणाऱ्यांना ते मार्केट यार्डातल्या कांद्यासारखं आवक-जावक म्हणायचे. "ह्या महिन्यात आवक एक, जावक तीन." पुढच्या महिन्यात, "आवक न्हाई. जावक दोन." मी नोकरीला लागले तेव्हा दोन्ही सारखं चालायचं. म्हातारं जायचं, तरणं यायचं. पुढं आवक थांबली. कधी आचारसंहिता, कधी भरती कोर्टात, कधी वरून कागद की जागा भरू नका. माणसं जायची मात्र थांबली नाहीत, वय काही आचारसंहिता पाळत नाही. मला आकडे कशाला लागतात? मी चहा करायची. पूर्वी सकाळच्या चहाला किटली दोनदा भरावी लागायची. मग एकदा. मग एकदा भरलेली उरायला लागली, आणि मी चहातली पत्ती कमी केली.

मग एजन्सीची मुलं आली. कॉम्प्युटरवर बसायला एक मुलगी आली, हुशार होती. तिला ना ऑर्डर, ना रुजू अहवाल. भाऊसाहेबांनी विचारलं, "बाळ, तू कुनाची?" ती म्हणाली, "एजन्सीची." "एजन्सी हे आडनाव हाय का?" म्हणाले. तिला हसू आलं. त्यांनी आवारातलं कण्हेरीचं फूल आणून तिच्या टेबलावर ठेवलं आणि घड्याळ बघून म्हणाले, "सव्वाअकरा. मध्यान्हपूर्व. कागदावर नसंल तर नसू द्या, मी सांगतोय न्हवं?" काही महिन्यांनी ती एका सोमवारी आली नाही. मंगळवारीही नाही. एजन्सीनं दुसऱ्या कुणाला पाठवलं. भाऊसाहेब दोन दिवस कुरकुरत होते. "न सांगता गेली, मावशी. जेवन न्हाई, काही न्हाई." मी म्हणाले, "तिला आत घेताना कुनी बोलवलं हुतं का, जाताना सांगायला?" मला वाटलं, जरा जास्तच बोलले. पण खोटं काही बोलले नव्हते.

आता नूरजहाँचं सांगते, कारण तिच्याशिवाय भाऊसाहेब कळायचे नाहीत.

आमच्या कचेरीची जीप हमीदभाई चालवायचे. मिरजगावचे. गुणी माणूस, गाडीतही आणि गाडीबाहेरही. नोकरीत असतानाच तापानं गेले, आठवड्याच्या आत. मागं बायको नूरजहाँ आणि दोन मुली. नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्याला त्याच्याऐवजी नोकरी देतात, अनुकंपा म्हणतात त्याला. नूरजहाँचं नाव अनुकंपाच्या यादीत गेलं. ती मिरजगावात ब्लाउज शिवायची आणि महिन्या-दीड महिन्यानं एसटीनं येऊन भाऊसाहेबांच्या टेबलासमोर बसायची. पिशवीत सगळे कागद. ती पिशवी ती कधी सोडायची नाही, बाजारालाही घेऊन जायची.

काही महिन्यांनी वरून एक कागद आला. सरकारनं ठरवलं की ड्रायव्हरची ही जागा पुढं ठेवायची नाही. अशा जागेला सरकारी भाषेत मृत म्हणतात. भाऊसाहेब नूरजहाँला कसं सांगावं म्हणून घुटमळत होते. शेवटी म्हणाले, "बहिनजी, कागद आलाय. त्यात मृत घोषित केलंय."

नूरजहाँनं पदर सारखा केला. म्हणाली, "मेले ते मला म्हाईतच हाय की, भाऊसाहेब. मीच न्हवतं का पानी पाजलं? तुमच्या सरकाराला आत्ता कळलं व्हय?"

भाऊसाहेबांना सांगता येईना की मेली ती जागा. मला बघवेना. मी म्हणाले, "अगं बाई, मानूस न्हाई, त्याची खुर्ची मेली. आता तिथं कुनालाच घ्यायचे न्हाईत." ती माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "खुर्ची कशी मरती मावशी?" मला काय माहीत. मी चहा आणला.

तेव्हापासून भाऊसाहेबांच्या डोक्यात एकच. ड्रायव्हरची जागा गेली तर गेली, शिपायाची तर निघेल? नूरजहाँला पंचेचाळीस पूर्ण होईपर्यंतच तिचं नाव यादीत राहणार होतं. पंचेचाळीस झाली की नाव गळतं, मग नोकरी विसरायची. आणि तिलाही मिरजगावच्या मास्तरांनी एक जूनच दिलेली. ज्या वर्षी भाऊसाहेब एकतीस मेला निवृत्त होणार, त्याच वर्षी एक जूनला तिला पंचेचाळीस. दोन मास्तर, दोन गावं, तारीख एक.

मग आमच्याकडं कुणी शिपाई निवृत्त झाला की भाऊसाहेबांचं भाषण चालू असताना मी त्यांच्या तोंडाकडं बघायची. पोकळीपाशी आवाज भरून यायचा, आणि डोळे मात्र हिशेब करत असायचे. मी एकदा म्हणाले, "भाऊसाहेब, मानूस जातोय आन तुमी त्याची जागा मोजताय." चिडले. "मोजू नको तर काय करू? त्याची पोकळी ठेवून काय लोनचं घालायचंय?" पण शिपाई जायचे आणि जागा तशाच राहायच्या. भाऊसाहेब रजा टाकून नगरला जायचे, वरच्या कचेरीत फाइल कुठं अडलीय बघायचे, आणि संध्याकाळी तोंड पाडून परत यायचे. नूरजहाँला सांगायचे, "होईल." मी त्यांच्यासमोरच तिला सांगायची, "होईल म्हनून शिवनकाम सोडू नगं."

त्या वर्षीचा मे असा उन्हाचा होता की कडुलिंबाखालीसुद्धा मोटारसायकलची सीट तापायची. तीस तारखेपर्यंत काही नाही. एकतीसला सकाळी कचेरी उघडली आणि भाऊसाहेबांच्या मोबाईलवर नगरहून ऑर्डर आली. नूरजहाँ, शिपाई, आमचीच कचेरी. मार्चमध्ये एक शिपाई निवृत्त झाला होता, त्याच्या जागेवर.

भाऊसाहेबांनी फोन लावला. लागेना. दोनदा, तीनदा. मग त्यांनी तिच्या शेजारणीचा नंबर शोधला. शेजारीण म्हणाली, ती पारनेरला गेलीय, बहिणीच्या मुलीच्या लग्नाला. पारनेर म्हणजे नगरच्याही पलीकडं. शेजारणीनं लग्नघरात कुणाचा तरी फोन मिळवला. पाऊण तासानं नूरजहाँचा आवाज आला, मागं लग्नाचा गोंधळ. भाऊसाहेब ओरडले, "बहिनजी, आहे तशा निघा. कपडे बदलू नका. पिशवी हाय का?"

"पिशवी हाय," ती म्हणाली. "आत्ता निघते."

भाऊसाहेबांनी घड्याळ बघितलं. बाराच्या आत ती येणं शक्य नव्हतं. त्यांचा चेहरा मला कळला.

त्यांचा स्वतःचा निरोप त्याच दुपारी. साहेब, म्हणजे आमचे मोठे अधिकारी, चांगले होते, पण त्यांना नगरला मीटिंग होती. जेवणं झाली. भाऊसाहेब जेवले नाहीत, भूक नाही म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. साहेब शाल हातात घेऊन उभे राहिले. "या भाऊसाहेब, उरकून घेऊ. मला निघायचंय."

"साहेब, जरा थांबा," भाऊसाहेब म्हणाले. "एकदा शाल पडली की मी कार्यमुक्त. मग तिला रुजू कोन करून घेनार?"

"उद्या घेतील की कोणीतरी."

"कोन घेनार? ह्या टेबलाला दुसरं कोन न्हाई. आन उद्या तिला पंचेचाळीस."

साहेबांनी हातातल्या शालीकडं बघितलं. मग त्यांनी ती घडी करून टेबलावर ठेवली. "रुजू अहवाल आला की आजच्या तारखेचा आवक शिक्का मारा. मी परत आलो की सही करतो. आणि भाऊसाहेब, माफ करा, मी थांबू शकत नाही." ते गेले. जीपही गेली. जीप भाड्याची, तिचा ड्रायव्हरही एजन्सीचा. मग बाकीचेही एकेक करून निघाले. कुणाला बस गाठायची, कुणाचं कुणी दुसऱ्या कचेरीत निवृत्त होत होतं. एकतीस मे, सगळीकडं हारच हार. जाताना प्रत्येक जण भाऊसाहेबांचा हात हातात घेऊन जायचा. ते "या, या" म्हणायचे आणि नजर फाटकाकडं.

हार पाण्याच्या पातेल्यात ठेवला होता, तरी सुकत चालला. कचेरीत आम्ही दोघंच. मी पंगतीच्या पत्रावळी गोळा केल्या, खरकटं काढलं, फरशी पुसली. भाऊसाहेब आपल्या टेबलाशी शिक्का घेऊन बसलेले. शाईच्या पॅडवर शिक्का टेकवायचे, रद्दी कागदावर उमटवून बघायचे, पुन्हा टेकवायचे. मी म्हणाले, "अहो झिजंल तो." म्हणाले, "तारीख नीट उठती का बघतोय." मी म्हणाले, "ती न्हाई आली तर?" ते म्हणाले, "मावशी, आज तरी असलं काही बोलू नका." मग मी गप्प बसले. मला गप्प बसायला फार लोकांनी सांगितलंय. ऐकलं ते त्यांचंच.

नूरजहाँ आली ती कलिंगडाच्या टेम्पोतून. नगरच्या अलीकडं एसटी बंद पडली होती. अंगावर लग्नाची भरजरी साडी, केसात गजरा, हातावर कोपरापर्यंत मेंदी, तोंड उन्हानं लाल, खांद्याला ती पिशवी. फाटकातून पळतच आली. भाऊसाहेब उभे राहिले आणि त्यांनी पेन पुढं केलं.

तिनं सही केली. मेंदीच्या बोटांनी पेन सरकत होतं, तिनं पदराला हात पुसून पुन्हा धरलं. भाऊसाहेबांनी सही नीट बघितली. आता तारखेपुढं वेळ लिहायची. पेन थांबलं.

मी म्हणाले, "लिहा की मपू. कोन बघतंय?"

"मी बघतोय न्हवं," ते म्हणाले. आणि त्यांनी लिहिलं, म.नं. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून पडलेलं ते पहिलं म.नं.

नूरजहाँनं विचारलं, "त्यानं काय हुतं, भाऊसाहेब?"

"आजचा दिवस नोकरीत धरत न्हाईत. वयाला मातर आजचीच तारीख."

"जाऊ द्या," ती म्हणाली. "लई दिवस गेले. त्यात हा एक."

मग त्यांनी शिक्का मारला. एवढा वेळ तालीम करूनही जरा तिरकाच पडला. पण तारीख स्पष्ट होती. नूरजहाँ नोकरीला लागली.

नूरजहाँ पंख्याखाली बसून पाणी पीत होती. तिला वाटलं, बाकीची माणसं आत कुठं कामात असतील. मी तिला सांगितलं की आज ह्यांचा निरोप होता आणि तो तिच्यापायी राहिला. ती ताडकन उठली. "मग आता करू की," म्हणाली. मी पातेल्यातून हार काढला. बाईमाणसानं परपुरुषाच्या गळ्यात हार कसा घालायचा, म्हणून मी तो त्यांच्या हातात दिला. शाल नूरजहाँनं दिली. नारळ मी दिला. कचेरीत त्या दिवशी सगळ्यांत जुनी शिपाई मी आणि सगळ्यांत नवी ती.

"भाषन करा की मावशी," नूरजहाँ म्हणाली.

मी म्हणाले, "भाऊसाहेब, तुमच्याएवढं मला बोलता येत न्हाई आन ऐकायलाबी आवडत न्हाई. तुमच्यासाठी पुरी-भाजी झाकून ठेवलीय. बसा आन खा."

ते बसले. दोन पुऱ्या खाल्ल्या आणि रडायला लागले. घास तोंडात तसाच. मला रडणारी पुरुषमाणसं बघवत नाहीत. मी किटली घासायला मोरीवर गेले आणि ती गरजेपेक्षा जास्त वेळ घासली.

निवृत्त माणसाला कचेरीची जीप घरापर्यंत सोडायची, ही रीत भाऊसाहेबांनीच पाडलेली. त्यांच्या वेळी जीप नगरला होती. आम्ही दोघी त्यांना एसटी स्टँडपर्यंत सोडायला गेलो. त्यांच्या एका हातात नारळाची पिशवी, दुसऱ्या हातात शाल. गाडी लागली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "मावशी, माझी जागा भरतील का हो?"

मी म्हणाले, "न्हाई भरायचे."

"मलाबी तसंच वाटतंय," म्हणाले आणि गाडीत चढले.

नाहीच भरली. त्यांचं काम दुसऱ्या टेबलावरच्या एकाला जादा दिलं, मग आणखी एकाला. दोन वर्षांनी मी निवृत्त झाले. शिपायाला साठ, कारकुनाला अठ्ठावन्न, म्हणून मी मागं राहिले होते. माझ्या निरोपाला ते गावाहून आले. तेच भाषण केलं. मनमिळाऊ म्हणाले मला, तेव्हा लोक हसले. चहाला नाही म्हणाले नाहीत, हे मात्र त्यांनी बदललं. मी चहा करणारी, म्हणून 'चहा कधी पातळ केला नाही' म्हणाले. तेही खोटं होतं.

मागच्या थंडीत ते गेले. झोपेतच. बायको आधीच गेलेली, मुलगा पुण्याला. कळलं तशी मी नूरजहाँला घेऊन त्यांच्या गावाला गेले. तिनं नोकरीत एवढी वर्षं काढली, दोन्ही मुलींची लग्नं केली, रजा मात्र क्वचितच घेतली. त्या दिवशी घेतली. घरात बायकांसाठी सतरंजी अंथरली होती, सगळ्या भावकीतल्या. मला त्यांतल्या एकदोघी ओळखत होत्या. नूरजहाँला कोणी ओळखत नव्हतं. ती दाराशीच उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा करत.

भाऊसाहेबांची थोरली बहीण मधोमध बसली होती. फार म्हातारी, दिसायला कमी. तिनं विचारलं, "तू कोन गं बाई आमच्या भाऊची?"

नूरजहाँ म्हणाली, "मी शेवटची."

सतरंजीवरच्या सगळ्या बायकांनी माना वर केल्या. "शेवटची म्हंजी?" बहीण दचकलीच.

मला हसू येईना आणि रडूही येईना. नूरजहाँला आपण काय बोललो ते कळलं, तिचा चेहरा लाल झाला. "न्हाई, तसं न्हाई," ती म्हणाली. "त्येंनी नोकरीत लई मानसं घेतली. त्यातली मी शेवटची. माझ्यानंतर त्येंनी कुनाला घेतलं न्हाई."

म्हातारीला कचेरीतलं काय कळणार? रुजू काय, आवक काय, काही नाही.

"म्हंजी शेंडेफळच की," म्हणाली, आणि सतरंजीवर सरकून तिनं जागा केली.